पाहुण्याच्या शिदोरीबद्दल आभार

तळ्याकाठचे दानशूर यजमान यांस,


आपल्या वऱ्हाडात पाहुण्याला रिकाम्या हाताने धाडत नाहीत. ही रीत आपण पाखरांपर्यंत नेलीत, म्हणून प्रथम आभार.

थंडी पडली की अकोल्याच्या कापशी तलावावर, अमरावतीकडे मालखेडच्या पाण्यावर परदेशी पाखरे उतरतात. त्यातला केशरी चक्रवाक हिमालय ओलांडून येतो. ६,८०० मीटर उंचीवरून तो उडाल्याची नोंद आहे. एवढ्या थकल्या जिवाला आपण काय वाढलेत? कोंबड्यांच्या शेडमधले ओले लिटर, म्हणजे विष्ठा मिसळलेला भुसा, आणि गावाचा नाला. धन्य तो पाहुणचार!

कोंबडी धडधाकट असतानाही तिच्या पाण्यात अँटिबायोटिकची पावडर कालवता, ही आपली माया थोर. त्या औषधाला न जुमानणारे ई. कोलाय जीवाणू तिच्या आतड्यात पोसले जातात, विष्ठेतून लिटरमध्ये आणि पहिल्या पावसात तळ्यात येतात. तिथे चिखलात चोच घालणाऱ्या चक्रवाकाने उभ्या जन्मात एक गोळी खाल्लेली नसते. तरी त्याच्या पोटात औषधाला दाद न देणारा जीवाणू मुक्कामाला जातो. ही किमया आपलीच.

आपली शिदोरी वाटेत वाढते, हेही नमूद करतो. प्रतिकाराचे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यावर बसून एका जीवाणूतून शेजारच्या जीवाणूत जाते. २०१३ साली जर्मनीतल्या एका जंगली घारीच्या साल्मोनेला जीवाणूत एनडीएम-१ हे असेच जनुक सापडल्याची नोंद झाली. त्यातले ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली. ती घार दिल्लीला आली होती असे कोणी म्हणत नाही, पण राजधानीच्या नावाचे जनुक पाखराच्या पोटात पोचले. अभिनंदन!

पाहुणाही कृतघ्न नाही. येताना तो वाटेतल्या देशांच्या गटारांची भेट आणतो आणि आपल्याच तळ्यात सोडतो. त्याच पाण्यावर गुरे येतात, त्याच पाण्यावर आपला सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकतो.

कोलिस्टिन हे माणसासाठी राखलेले शेवटच्या फळीतले औषध. कोंबड्या-जनावरांना ते देण्यावर केंद्राने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, याचे आपल्याला दुःख झाले असेल. माझे सांत्वन स्वीकारावे.

२० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला आपण झाडू हाती घेऊन फोटो काढता, तोही सुरेख येतो. फक्त त्याच संध्याकाळी लिटरची ट्रॉली तळ्याकाठी रिकामी होते, एवढेच बाबांना सांगू नका.

आता साधे बोलतो. चक्रवाकाला दोष देऊ नका. तो हमाल आहे, माल आपण भरतो. जनावरांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कोंबडीला औषध देऊ नका. लिटर नीट कुजवा, मगच शेतात टाका. नाल्याचे पाणी शुद्ध झाल्याशिवाय तळ्यात जाऊ देऊ नका. स्वतःचे औषधही डॉक्टरने सांगितले तितके दिवस घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर पाखरे परत निघतील. यंदा त्यांना रिकाम्या हाताने जाऊ द्या.

आपला,
त्याच तळ्याचे पाणी वापरणारा