सत्कारमूर्तीला कुणीतरी खुर्ची द्या

बारामती-इंदापूर पट्ट्यात गावोगाव एक अण्णा असतो. कुठे त्याला तात्या म्हणतात, कुठे बापू. पद कुठलंच नाही. कारखान्याच्या निवडणुकीत त्याचं नाव पहिल्या यादीत असतं आणि शेवटच्या यादीत नसतं. तरी माळेगाव असो, सोमेश्वर असो की भवानीनगरचा छत्रपती, गेटवरचा वॉचमन त्याला उठून नमस्कार करतो. कारण वॉचमनच्या सासूला पुण्याला ससूनमध्ये खाट यानंच मिळवून दिलेली असते.

खांद्याला पिशवी. तिच्यात रेशनकार्डाचे कोरे अर्ज, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, सुतळी आणि कापूर. शेवटच्या दोन वस्तू कशाला, हे विचारू नये. बारशाला अण्णाला बोलवायचं लोक विसरतात, तिरडी बांधायला कधीच विसरत नाहीत.

उजनी धरण 1980 साली पुरं झालं आणि इंदापूरची भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याचा त्या काळातला एक अर्ज अजून या पिशवीत आहे. मूळ अर्जदार वारला, त्याचा मुलगा आजोबा झाला, अर्ज अडवणारा कारकून निवृत्त झाला. त्या कारकुनाची पेन्शन अडली तेव्हा तीसुद्धा अण्णानंच हेलपाटे घालून सोडवली. ‘माणूस वाईट नव्हता हो, टेबल वाईट होतं,’ एवढंच त्याचं म्हणणं.

आषाढीला तुकोबांची पालखी काटेवाडीत येते. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. लांबलांबून माणसं ते बघायला येतात. अण्णानं ते धड कधी पाहिलेलंच नाही. ऐन रिंगणाच्या वेळी तो पाण्याचा टँकर कुठे अडकला ते बघायला गेलेला असतो.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, तशा निवडणुका जवळ आल्या की सत्कार समित्या वर येतात. मग अण्णाची पाळी. खरी अडचण फ्लेक्सची. 2024 च्या लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्यापासून कुणाचा फोटो कुणाच्या वर, हा प्रश्न नवऱ्या मुलाच्या मामानंसुद्धा जपून सोडवायचा झाला आहे. समितीनं तोडगा काढला: सगळे नेते एका मापात, एका ओळीत. जागा संपली. सत्कारमूर्ती खाली कोपऱ्यात, फ्लेक्सवाल्याच्या मोबाइल नंबरशेजारी.

मानपत्र निवृत्त गुरुजींकडे. बारामती म्हणजे मोरोपंतांचं गाव. पंतांनी इथे बसून आर्यांचे ढीग रचले, रामायणंच म्हणे एकशे आठ लिहिली, तेव्हा यमकाशिवाय मानपत्र लिहिणं गुरुजींना गावाचा अपमान वाटतो. ‘सेवा’ आली की ‘मेवा’ आलाच. अण्णाच्या उभ्या आयुष्यात मेवा कुठे नव्हता, पण यमकापुढे कुणाचं चालतं?

फेटा, शाल, श्रीफळ सुरू होतं. हार घालायला येणारा प्रत्येक जण कानाशी वाकतो. फोटोत ते फार हृद्य दिसतं. ‘अण्णा, तेवढं सातबाऱ्याचं बघा की.’ ‘पोरीच्या जातीच्या दाखल्याचं कुठवर आलं?’ प्रमुख पाहुणे पाऊण तास निःस्वार्थ सेवेवर बोलतात आणि खाली बसता बसता मेहुण्याच्या वीजजोडणीचा कागद शालीच्या घडीत सरकवतात. तोवर अण्णा दोनदा उठलेला असतो. एकदा मागच्या बायकांना खुर्च्या द्यायला, एकदा माइकची वायर दाबून धरायला.

शेवटी सत्काराला उत्तर. अण्णा माइकपाशी येतो, फेटा काढून टेबलावर ठेवतो.

‘निराधार योजनेचे हयातीचे दाखले ज्यांचे राहिलेत, त्यांनी उद्या दहाला इंदापूरला तहसीलसमोर यावं. आधारकार्ड आणा, पासबुकाची झेरॉक्स आणा. आणि म्हाताऱ्याला घेऊन या. मागच्या खेपेला दोघांनी नुसती झेरॉक्सच आणली होती.’