हळू, माइक चालू आहे

दिवाळी पहाट या कार्यक्रमाची एकच अडचण आहे, ती म्हणजे तो पहाटे असतो. गाणाऱ्याला दव सोसत नाही, ऐकणाऱ्याला अंथरूण सुटत नाही, आणि 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावू देत नाहीत. म्हणून आमच्या सोसायटीची पहाट सहाच्या ठोक्याला सुरू होते. तोवर निम्म्या घरांत अभ्यंगस्नानं उरकून चकल्यांचे डबे उघडलेले असतात.

आता सहाला गाणं सुरू करायचं तर साउंड चेक त्याआधी व्हायला हवा, म्हणजे नेमका बंदीच्या वेळेत. आदल्या संध्याकाळी तो आम्ही करतोच. पण तेव्हा चारी बाजूंनी लवंगी माळा तडतडत असतात. आत्ता घुमला तो डग्गा की बी विंगमागचा सुतळी बॉम्ब, हे सांगणं कठीण. शिवाय तबलजींचं म्हणणं असं की रात्रीतून दवानं पुडी उतरते, तेव्हा कालचा चेक आज शिळा. शेवटी सेक्रेटरीकाकांनी तोडगा काढला. "पाचला करा. पण हळू."

म्हणजे आवाज लांबवर पोचतो की नाही हे तपासायचं, पण लांबवर कुणाला ऐकू येता कामा नये. साउंडवाल्या दादांनी लग्नं, जत्रा, प्रचारसभा सगळं काढलेलं. त्यांनी काकांकडे एकदा पाहिलं, मफलर कानाभोवती घट्ट केली आणि मास्टर फेडर खाली ओढला. मग माइकजवळ जाऊन एखाद्या घरची भानगड सांगावी तसं पुटपुटले, "हॅलो... चेक... वन... टू..."

यातून काय कळतं? जवळजवळ काहीच नाही. कुजबुजताना स्वरयंत्र कंप पावत नाही, नुसती हवा सुसते. त्या हवेवरून गायिकेचा मंद्र पंचम कसा लागेल हे ठरवायचं. बरं, माइकची शिट्टी तरी आधी पकडावी, तर तीही हळू आवाजात सापडत नाही. स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, माइक तो पुन्हा स्पीकरला देतो, आणि हे देणंघेणं एका पातळीच्या वर गेलं की मगच किंचाळी फुटते. त्या पातळीच्या खाली माइक अगदी सोज्वळ असतो. या किंचाळीला लार्सन परिणाम म्हणतात. सोरेन लार्सन हे डेन्मार्कचे पदार्थवैज्ञानिक. आयुष्यभर अभ्यास करावा आणि आपलं नाव जगभरच्या सत्यनारायणांत, हळदीकुंकवांत आणि गॅदरिंगांत कानठळ्या बसवत फिरावं, हे काही बरं नाही.

या सगळ्यात माझ्याकडे खातं असतं कानाचं. शेवटच्या रांगेमागे, दुचाक्यांच्या पार्किंगपाशी उभं राहायचं आणि तिथवर काय पोचतंय ते कळवायचं. ओरडायला बंदी, म्हणून खुणांनी. मी अंगठा वर केला, अर्थ "उत्तम". दादांच्या धंद्यात वर केलेला अंगठा म्हणजे "वाढवा". त्यांनी वाढवला. मी घाबरून दोन्ही हात हलवले. ते त्यांना "चालेल, चालेल" असं दिसलं. मधल्या रांगेत खुर्च्या पुसणाऱ्या वॉचमनला वाटलं मी त्यालाच बोलावतोय. तो धावत माझ्यापर्यंत आला.

एवढ्यात तानपुऱ्यामागे घरघर सुरू झाली. रोषणाईच्या माळा आणि मिक्सर यांच्या अर्थिंगचं कुठेतरी बिनसलं होतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि हा आकडा पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत पडतो. ताई गातात काळी चारमध्ये. त्या डोळे मिटून पाच मिनिटं षड्ज शोधत राहिल्या आणि मग अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, "दादा, तुमचा सा जरा उतरलाय." दादांनी माळांचा प्लग दुसऱ्या बोर्डात नेला, तेव्हा कुठे सा जागेवर आला.

मग मॉनिटरची वाटणी. ताईंना तानपुरा वाढवून हवा. पेटीवाल्यांना पेटी. तबलजी हातोडीनं गजरा ठोकत म्हणाले, "आमचं काही नाही, फक्त दाया थोडा पुढे घ्या." दुसऱ्याचं कमी करा असं कधी कुणी म्हणत नाही, कलावंत मोठ्या मनाचे असतात, सगळे फक्त आपलं वाढवून मागतात. दादा प्रत्येकाला "केलं" म्हणाले. मी पाहत होतो. त्यांची बोटं मिक्सरपासून वीतभर लांब होती. तिघंही म्हणाले, "हां, आता छान."

निवेदिकाबाईंना मात्र वन-टू-थ्री मान्य नाही. त्या माइक हातात आला की दिव्यांचा सण, मांगल्य, रांगोळी आणि प्रायोजक इथपर्यंत पोचल्याशिवाय थांबत नाहीत. काकांनी जाता जाता माइकवर दोन टिचक्या मारून फुंकर घातली. दादांनी डोळे मिटून घेतले. माइकमध्ये पातळ पडदा असतो, त्याला थुंकीची वाफ मानवत नाही, हे ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. पण फुंकरल्याशिवाय माइक जागा होत नाही ही श्रद्धा विज्ञानाहून जुनी आहे.

आणि आमची कुजबुज कुठेही गेली नाही, हा समज मात्र लवकरच उतरला. रस्त्यापलीकडच्या इमारतीत एकेक दिवा लागू लागला. याचं कारण हवा. पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि वरची त्याहून उबदार. उबदार हवेत आवाज जरा जोरात धावतो, दर अंशाला सेकंदामागे साधारण साठ सेंटिमीटरनं. त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि भलत्या अंगणात उतरतो. कुजबुजायला याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती.

सहाला कार्यक्रम सुरू झाला. फेडर वर गेला आणि पहिल्याच आलापाला लार्सनसाहेब हजर झाले. पुढचं गाणं चांगलं झालं असं सगळे म्हणतात. मी पार्किंगपाशी होतो, तिथे साडेसातनंतर फटाकेच ऐकू येत होते.

दुपारी रस्त्यापलीकडच्या तळमजल्यावरचे आजोबा काठी टेकत ऑफिसात आले. काकांनी लगेच खुर्ची पुढे केली, माफीचं वाक्य तोंडात तयार ठेवलं, वर चिवड्याची बशी.

"तक्रार आहे," आजोबा म्हणाले. "पहाटे त्या बाईंचं भाषण शब्दन् शब्द ऐकलं. तबला लावलेला ऐकला. फार प्रसन्न वाटलं. नंतर ते गाणं काय सुरू केलंत? त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. पुढच्या वर्षी तेवढं वगळा."