अमावास्येचा दौरा

सातारा जिल्ह्याच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. येथील पाण्याचा स्वाभाविक ओढा पूर्वेकडे असून कोयना कराडला कृष्णेस मिळते आणि ते पाणी सांगलीवरून बंगालच्या उपसागराची वाट धरते. मात्र १९६० च्या दशकापासून कोयनेच्या शिवसागर जलाशयातील बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीखाली उतरते, पोफळीला वीजनिर्मितीचे सरकारी काम उरकते आणि वाशिष्ठीवाटे दाभोळच्या खाडीत, म्हणजे पर्यायाने अरबी समुद्रात जाऊन मोकळे होते. कामानिमित्त कोकणात उतरायचे आणि काम संपताच समुद्र गाठायचा, ही या पाण्याची रीत ज्या नोकरदाराने अंगी बाणवली आहे, त्यास येथे सोयीसाठी ‘दौरेकर’ म्हटले आहे.

दौरेकर हा जिल्हास्तरीय कार्यालयातील मधल्या फळीचा अधिकारी असून त्याचे वय पन्नाशीच्या आसपास असते, मुले शिकायला पुण्यास असतात आणि रोज पहाटे अजिंक्यतारा चढून आल्यामुळे पाय शाबूत असतात. सागरी पायवाट, म्हणजे किनारा न सोडता सलग चालता येईल अशी वाट, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला हजार किलोमीटर लांबीची खुणा करून तयार आहे, आणि तिच्या चित्रफिती त्याने रात्री जागून पाहिलेल्या असतात. कोकणात तशी तयार वाट नाही. पुळण, सडा (जांभ्या दगडाचे उघडे पठार) आणि खाडी ओलांडणारी तर यांचे तुकडे ज्याचे त्यानेच जोडून घ्यायचे असतात. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केल्यावर हे जोडकाम सुकर झाले आणि रत्नागिरीच्या बैठका शुक्रवारीच घेण्यामागील प्रशासकीय निकड दौरेकरास प्रकर्षाने जाणवू लागली. तेथील समपदस्थासही ती जाणवावी, यासाठी आधीच्या खेपेस अर्धा किलो कंदी पेढे पोहोचते केलेले असतात.

मात्र वाटेल तो शुक्रवार चालत नाही, आणि दौरेकराची खरी विद्वत्ता येथेच दिसते. तिथीचा आकडा तीनाने गुणून चाराने भागला की भरतीची वेळ ढोबळमानाने तासांत मिळते, असा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. त्यानुसार अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, ओहोटी भर दुपारी, ऐन बैठकीच्या वेळी लागते आणि सगळा दौरा वाया जातो. अमावास्येला किंवा पौर्णिमेला, म्हणजे तिथी पंधरावी धरली असता, भरती सव्वाअकराला येऊन पाणी संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे पुरते ओसरते. शिवाय ते दिवस उधाणाचे असल्याने समुद्र एरवीपेक्षा बराच मागे हटतो आणि दोन पुळणींमधले खडकाचे नाक पायी ओलांडता येते. म्हणून दौऱ्याच्या मंजुरीचा कागद टेबलावर ठेवण्यापूर्वी दौरेकर भिंतीवरचे ‘कालनिर्णय’ उलगडतो. ज्या दिवशी भलेभले गावाची वेस ओलांडत नाहीत, नेमका त्याच दिवशी तो दौऱ्यावर निघतो, हे लक्षात आल्यावर कार्यालयात त्याची गणना अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांत होऊ लागते. नरेंद्र दाभोलकरांच्या गावात या लौकिकाला वजन आहे, आणि दौरेकर तो नाकारत नाही.

घरात मात्र हा लौकिक चालत नाही. “अहो, बैठकीला चाललात ना? मग टॉवेल दोन कशाला?” या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणत्याही दौरेकरास सुचलेले नाही.

वास्तविक शासनाने या वर्गाचे ऋण मानावयास हवे. दौरेकराची बैठक रेंगाळत नाही, कारण इतिवृत्त, म्हणजे बैठकीत काय ठरले याची नोंद, तो साताऱ्याहूनच टंकलिखित करून आणतो आणि उपस्थितांनी तेवढेच ठरवावे अशी अपेक्षा बाळगतो. चार वाजता चहा उभ्याउभ्या होतो. पाच वाजता भाट्याच्या पुळणीवर, सुरूच्या बनाला समांतर, एक गृहस्थ झपझप चालताना दिसतो. त्याची विजार पोटरीपर्यंत दुमडलेली, गळ्यात ओळखपत्र तसेच लोंबत असलेले, हातात बूट, बुटांत मोजे आणि भिजू नये म्हणून मोज्यात एसटीचे तिकीट. शनिवारी तो गणपतीपुळ्याच्या डोंगराची प्रदक्षिणा आटोपून वाळूवाळूने केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड गाठतो. मिऱ्या–नागपूर महामार्ग दारावरून जात असल्याने समुद्र आपल्याच रस्त्याच्या टोकाला आहे, असे मानणारी सांगलीकर उपजात मात्र मोटारीने येते आणि मोटारीभोवतीच चालते. तिचा येथे विचार केलेला नाही.

दौरेकराच्या सचोटीबद्दल शंका घेता येत नाही. शनिवार-रविवारचा दैनिक भत्ता, म्हणजे मुख्यालयाबाहेरील कामाच्या दिवसांसाठी मिळणारी ठरावीक रक्कम, तो कधीही मागत नाही आणि दौरा दैनंदिनीत त्या दोन दिवसांपुढे ‘सुट्टी’ एवढेच लिहितो. पंचाईत होते ती परतीच्या तिकिटाची. काम शुक्रवारी संपले असता तिकीट रविवारचे कसे, अशी हरकत लेखा शाखेचा लिपिक पेन्सिलीने नोंदवतो, तिकिटाचा वास घेतो आणि देयक परत करतो. मग परतीचे भाडे पदरचे भरून दौरेकर प्रकरण मिटवतो.

निवृत्तीनंतर सगळेच वार मोकळे झाल्यावर हा गृहस्थ किनाऱ्यावर कायमचा जाऊन राहील, हा तर्क फोल ठरतो. काम जोडलेले नसले की त्याला समुद्राला जाण्याचे कारण सापडत नाही आणि वर्षभर तो अजिंक्यताऱ्यावरून पश्चिमेकडे नुसता पाहत राहतो. अखेरीस निवृत्त अधिकाऱ्यांमधून नेमल्या जाणाऱ्या चौकशी अधिकाऱ्यांच्या यादीत तो नाव घालतो आणि रत्नागिरीतील एखादी विभागीय चौकशी पदरात पाडून घेतो. सुनावणीची तारीख अर्थातच अमावास्येची पडते. आधीच आरोपांनी खचलेल्या कर्मचाऱ्याने या मुहूर्तास हात जोडून हरकत घेतली, तर दौरेकर ती सहानुभूतीपूर्वक ऐकून घेतो आणि उदार मनाने पौर्णिमेची तारीख देतो.