कुजके आबा

घटस्थापनेच्या तोंडावर तुळजापूरच्या रानावर ढग उतरले की झेंडूवाले हात जोडतात, "आई, आता आवर." आबाही हात जोडतात. मागणं तेवढं उलटं: चार दिवस झड लागू दे.

आबांना झेंडूची अशी जात काढायची आहे, जिची कळी कुजणार नाही. ओल धरली की अल्टरनेरियाची बुरशी कळीवर बसते. कळी तपकिरी पडते, आक्रसते आणि न उमलताच वाळते. बाकीचे मॅन्कोझेब फवारून मोकळे होतात. आबा म्हणतात, "औषध मारल्यावर अंगचा जोर कुणात हाय, ते कळायचं कसं?" म्हणून ते शेजाऱ्यांनी बांधावर टाकलेल्या कुजक्या कळ्या गोळा करतात, पाण्यात कालवतात आणि आपल्याच पिकावर शिंपडतात. गावानं नाव उगाच ठेवलेलं नाही. तसं हे शास्त्राला धरूनच आहे. कृषी विद्यापीठातही रोग मुद्दाम लावून वाण पारखतात. पण विद्यापीठाला बायको नसते.

कोरड्या साली कळी कुजत नाही. गाव खुशीत, आबा सुतकात. "औंदा समदीच पास झाली, निवडू कुणाला?" ओल्या साली मोजकी झाडं तगतात. त्यांच्या फुलांवर मलमलीच्या पिशव्या चढतात, कारण मधमाशी कुठून कुणाचा पराग आणील याचा नेम नाही. ही फुलं बियाण्याची, तोडायची नाहीत. त्यामुळे खंडेनवमीला भाव चढलेला असताना झेंडूवाल्या आबांच्या दाराचं तोरण बाजारातून विकत येतं.

'पुसा नारंगी'चे आईबाप क्रॅकर जॅक आणि गोल्डन ज्युबिली, हे आबांना तोंडपाठ. थोरल्या व्याह्यांचं नाव विचारलं तर अडखळतात.

मध्यंतरी त्यांनी मोठी झेप घेतली. आफ्रिकन झेंडूच्या भरगच्च फुलांवर ठेंगण्या फ्रेंच झेंडूचे पराग ब्रशनं फिरवले. आफ्रिकनची गुणसूत्रं 24, फ्रेंचची 48. पोरं निघाली 36 ची, म्हणजे खेचराच्या जातीची वांझ. बी धरायचं नाही, म्हणून झाडं नुसती फुलतच राहिली. आबा एकेक सुकलं फूल चिरून बी शोधत बसले. तेवढ्यात काकूंनी पाट्या भरून माल तुळजापूरला पोचवलासुद्धा. प्रयोग फसला होता, तेव्हा आबांची हरकत नव्हती.

पैसे मोजून झाल्यावर काकू म्हणाल्या, "अवो, पुढल्या साली हेच लावा."

"अगं, ह्याला बी न्हाई. दर साली एकेका फुलावर नव्यानं ब्रश फिरवावा लागंल!"

"मग फिरवा की. कुजक्या कळ्या येचण्यापरीस बरं."

आबा ब्रश धुवायला उठले. कुजक्या पाण्याची बादली मात्र काकूंची नजर चुकवून गोठ्यामागे सरकवली.