मु. पो. माहेर

लग्न झालेली मुलगी माहेरी जास्त दिवस राहिली की आमची सांगलीची गल्ली आधी तिचं कौतुक करते, मग दिवस मोजते आणि शेवटी काळजी करायला लागते. लग्न झालेला मुलगा स्वतःच्याच घरी राहिला तर त्याचं कोणाला काही वाटत नाही. माझ्यापुरता हा रिवाज मोडला. माझी बायको न्यू जर्सीत लहानाची मोठी झाली, अमेरिकेची नागरिक आहे. लग्नाला इकडे आली, रजा संपली तशी परत गेली, आणि गल्लीत प्रश्न सुरू झाला, ‘जावईबापू सासरी कधी जाणार?’ दूधवाला विचारतो, वाणी विचारतो. शेजारच्या काकू तर आवाज खाली आणून विचारतात, “सगळं ठीक आहे ना रे? तिकडून काही निरोप?” सासरच्यांनी मला टाकलंय अशी त्यांची जवळजवळ खात्री झाली आहे.

टाकलेलं नाही. फाइल चालू आहे.

अमेरिकन नागरिकाला नवरा किंवा बायको तिकडे न्यायची तर आय-130 नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यातल्या त्यात सुख एवढंच की नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा नाही. भावा-बहिणींसाठी अर्ज करणाऱ्यांना नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षं थांबावं लागतं. आम्हाला फक्त अर्ज कोणीतरी वाचेपर्यंत थांबायचं आहे. हे मी आत्याला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे पान मांडलंय, वाढपी यायचाय.”

घरात सगळे त्या वाढप्यावर चिडलेले आहेत. अपवाद एकच, आमचे बाबा. ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. अमेरिकेतल्या खात्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढला तरी त्यांना तो स्वतःच्या टेबलापर्यंत आल्यासारखा वाटतो. अर्ज गेला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आवक नंबर मिळाला का?” मी मोबाइलवर पावती दाखवली. तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे दहा आकडे. बाबांनी चष्मा कपाळावर सारला, मोबाइल नाकाजवळ धरला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत लांबट वहीत उतरवला, शेजारी तारीख घातली आणि सवयीने खाली सही ठोकली. मग म्हणाले, “आता तुझी फाइल हरवणार नाही. सापडणार नाही, तो भाग वेगळा.”

लग्न खरं आहे याचा पुरावा द्या, असं खातं म्हणतं. त्यासाठी काय काय चालेल हेही सांगतं: दोघांच्या नावावर घर, नाहीतर एकत्र राहत असल्याचा भाडेकरार, एकत्र केलेले पैशांचे व्यवहार, झालेल्या मुलांचे जन्मदाखले. यादी वाचून आम्ही दोघंही आपापल्या खंडात गप्प बसलो. यातलं बहुतेक सगळं एका घरात राहिल्यावर होतं, आणि एका घरात राहता यावं म्हणून तर हा अर्ज. “मुलं झाल्यावर या म्हणतायत का?” आईने विचारलं. बाबा म्हणाले, “तसं नाही. जे असेल ते जोडायचं. नसेल तिथे ‘लागू नाही’ लिहायचं.”

असलेल्यात मुख्य म्हणजे लग्नाचे फोटो. पण आपली लग्नं पुरावा म्हणून लावलेलीच नसतात. पहिल्या फोटोत आम्हा दोघांच्या मध्ये अंतरपाट आहे, म्हणजे नवरा-नवरीने एकमेकांना पाहू नये याची घरच्यांनी घेतलेली खबरदारी. दुसऱ्यात ती हार घालायला येतेय आणि मामाने मला उचलून धरलंय. परक्या माणसाला हे पळून जाण्याचा प्रयत्न वाटू शकतं. पुढच्या सगळ्या फोटोंत मुंडावळ्यांमागून आम्ही समोर बघतोय, दोन्ही बाजूंना नातेवाईक. एका फोटोत प्रेमाने खांद्यावर टाकलेला हात दिसतो. तो चुलत्यांचा आहे आणि खांदा माझा.

फोटोंत राम नाही म्हणून आम्ही संभाषणांकडे वळलो. न्यू जर्सी आमच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, त्यामुळे आमचा संसार एकाची झोप आणि दुसऱ्याचं जेवण या फटीत चालतो. बायकोने निवडक पानं काढायला घेतली. “जेवलीस?” “नाही अजून. तू उठलास?” “उठलो.” “पाणी आलं का?” “आलं.” असं पानोपानी. ती वैतागून म्हणाली, “यातून त्या साहेबाला काय कळणार?”

“नवरा-बायको आहोत हे कळेल,” मी म्हणालो. “लग्न न झालेली माणसं पाण्याची चौकशी करत नाहीत.”

मधल्या काळात निदान पर्यटक म्हणून जाऊन यावं, असं ज्याला-त्याला सुचतं. इथे कायद्याची खरी गंमत आहे. पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिथेच राहणार आहे, असं अमेरिकेचा कायदा आधीच धरून चालतो. तसं नाही हे माणसानेच पटवून द्यायचं. ज्याची बायको तिकडे आहे आणि कायम राहायचा अर्ज पडून आहे, तो काय पटवणार? म्हणजे एका खिडकीला शंका, की हा तिच्याबरोबर खरंच राहणार का. दुसऱ्या खिडकीला धास्ती, की हा राहिल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही खिडक्या एकाच सरकारच्या.

त्यात माझा जन्मदाखला निघाला. नगरपालिकेने जन्माची नोंद तत्परतेने दुसऱ्याच दिवशी केली होती. आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशी. त्यामुळे आईचं नाव आहे, बाबांचं आहे, वेळ आहे आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ. कायदेशीरदृष्ट्या त्या घरात एक पुरुष जन्माला आला एवढंच सिद्ध होतं. अशा वेळी माहीतगार वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडतात. आत्या म्हणाली, “मी सोडून कोण देणार? नाव मीच ठेवलं.” नोटरीपुढे तिने नुसती सही केली नाही; कानात नाव कसं सांगितलं, त्यावर तिच्या पाठीत कोणी किती बुक्के मारले आणि कोणत्या वन्सं रुसून बसल्या, हेही सांगितलं. नोटरीने ते टंकायला नकार दिला. सर्वांत भक्कम पुरावा असा वाया गेला.

मग नुसती वाट पाहणं. संकेतस्थळ सांगतं, 80 टक्के अर्ज अमुक महिन्यांत निकाली निघतात. उरलेल्या 20 टक्क्यांचं काय, ते बाबांनी सांगितलं: “ते कपाटावरचे. प्रत्येक कचेरीत असतात.” एकदा मी न राहवून चौकशी करायला गेलो. तिथे आपल्या पावतीची तारीख घातली की कोणत्या दिवसापासून चौकशी करता येईल ते कळतं. बाबांना मी हे तक्रार म्हणून सांगितलं, पण ते भारावले. “आम्ही नुसतं पुढच्या सोमवारी या म्हणायचो,” ते म्हणाले. “यांनी सोमवार छापून दिलाय.”

शेवटी मंजुरी आली. आईने देवापुढे साखर ठेवली. ती वाटी रिकामी होईपर्यंत कळलं की ही मंजुरी म्हणजे आम्ही नवरा-बायको आहोत एवढंच मान्य झालंय. मी तिकडे जायचं हा विषय आता पुढच्या टेबलावर. हे टेबल न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्टस्मथला, नॅशनल व्हिसा सेंटर नावाचं. इथे नवा नंबर मिळतो आणि मुलाखत मुंबईत असेल तर त्याची सुरुवात ‘बीएमबी’ अशी होते, म्हणजे बॉम्बे. शहराचं मुंबई झालं 1995 साली. मला हसू आलं, पण बाबांना नाही. “शिक्का झिजल्याशिवाय बदलत नाहीत,” ते म्हणाले.

या टप्प्यावर बायकोने एक हमीपत्र दिलं. त्यासाठी तिचं उत्पन्न सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या रेषेच्या निदान 125 टक्के असावं लागतं. मला सरकारी खर्चाने पोसायची वेळ येऊ देणार नाही, असं ती त्यात लिहून देते. ही हमी मी तिथला नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांचं काम माझ्या खाती जमा होईपर्यंत चालते. घटस्फोट झाला तरी सुटत नाही. सप्तपदीतही इतकं पक्कं कलम नाही. काकूंना हे सांगितल्यापासून त्यांनी आवाज खाली आणणं सोडलं आणि स्वतःच्या मुलासाठी तिकडचं स्थळ आहे का विचारलं.

आता पोलिसांचा दाखला झाला आहे, मुलाखतीची तारीख कधीही येईल आणि नेमका आता घरात पेच पडला आहे. नियम असा: अमेरिकेत पाऊल ठेवाल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त. त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या 90 दिवसांत लग्न खरं असल्याचा पुरावा पुन्हा द्यायचा. दोन वर्षं उलटून गेली असतील, तर एकदम दहा वर्षांचं. नव्या लग्नावर सरकारचा विश्वास नाही. पण त्यांच्याच कचेरीत पडून पडून ते जुनं झालं, तर ते पुन्हा पुरावा न मागता मानतात. आमच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस जवळ आलाय. बायको म्हणते, मिळेल तो व्हिसा घे आणि ये. आई म्हणते, पोरीला एकटीला किती दिवस ठेवायचं? आत्या म्हणते, इतके दिवस काढलेत तर आणखी थोडे, पण फोटोंची ती भानगड पुन्हा नको.

बाबा बराच वेळ वही चाळत होते. मग म्हणाले, “जन्मभर माझ्याकडे लोक फाइल पुढे सरकवा म्हणूनच आले. मागे ठेवायची असेल तर सांग, मी आज पत्र लिहितो.”

“काय लिहिणार?”

“विशेष काही नाही. माझ्या अर्जाचं काय झालं ते कृपया कळवावं. अर्जदाराने आठवण करून दिली की फाइल ढिगाच्या तळाशी जाते. आम्ही तेच करायचो, आणि तिकडेही माणसंच बसलेली आहेत.”