वैयक्तिक लक्ष दिले जाईल

नाशिकच्या द्वारका चौकातून काठे गल्लीकडे वळलात की विजेच्या खांबाखांबावरून ज्ञानगंगा वाहू लागते. पाचवी ते दहावी, सेमी, सीबीएसई, स्कॉलरशिप, अबॅकस. आणि प्रत्येक पाटीच्या तळाशी तीच ओळ : 'वैयक्तिक लक्ष दिले जाईल'. एका पाटीवर तर तिच्याच वर 'साठ विद्यार्थ्यांची बॅच, त्वरा करा' असंही छापलेलं होतं. साठ पोरांकडे एकाच वेळी वैयक्तिक लक्ष देतो त्याला आमच्या सोसायटीत शिक्षक म्हणत नाहीत, सीसीटीव्ही म्हणतात.

मीही त्याच धंद्यातला, म्हणून अधिकाराने बोलतो. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालो आणि बायकोच्या मते घरात नको तितका दिसू लागलो. मग शेजारच्या वहिनी एका संध्याकाळी, 'भाऊजी, जरा आमच्या पोरीचं गणित बघता का?' म्हणत तिला आणून बसवून गेल्या. आता हॉलमध्ये सहा मुलं असतात. सातवं घेत नाही. शिक्षणशास्त्र वगैरे काही नाही, सतरंजी तेवढीच आहे.

पालक पहिल्या दिवशी येतात आणि सगळे एकच वाक्य बोलतात : 'तसा हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही.' 'अभ्यास खूप करतो, पण डोकं बेताचं आहे' असं म्हणणारा बाप द्वारकेत अजून जन्माला यायचाय. त्यानंतर, 'फक्त बेसिक पक्कं करून द्या, दोनेक महिन्यांत.' आणि निघताना चप्पल घालता घालता, 'सिली मिस्टेक्स फार होतात.'

या सिली मिस्टेकचा मी जरा पाठपुरावा केला. वहिनींची लेक सातवीत. समीकरणं सोडवायची आणि शेवटच्या ओळीत आपटायची. तिला म्हटलं, 'समीकरण राहू दे, एक हजार तीनमधून चारशे सत्तावन्न वजा कर.' तिने लिहिलं ४५६. उत्तर ५४६. अंक तेच, फक्त जागा बदललेली. कुठल्याही बापाने 'सिली' म्हणून सोडून दिलं असतं. मी विचारलं, 'कसं केलंस, बोलून दाखव.' ती म्हणाली, 'तीनातून सात जात नाहीत. शेजारी दोन्ही शून्य, त्यांच्याकडेच काही नाही, ते काय हातचा देणार? म्हणून थेट एककडून घेतला. तेरातून सात गेले, सहा. मग शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून पाचातून शून्य काढला. मग चारातून शून्य.'

यात सिली काय आहे सांगा. पूर्ण विचार आहे, शून्याच्या गरिबीबद्दल कणव आहे, फक्त नियम घरी केलेला आहे. आणि तो नियम तिने तिसरीपासून इमानेइतबारे पाळला होता. १९७८ साली ब्राऊन आणि बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर निबंध लिहिला, त्याचं सार हेच : पोरं वाटेल तशी चुकत नाहीत, चुकीचा नियम बरोब्बर पाळतात. शून्यापाशी अडणारी मंडळी त्यांनाही भरपूर भेटली होती.

मग मी कागदावर हजाराची नोट काढली. नोकरीत असताना हा उद्योग केला असता तर पेन्शनऐवजी नाशिकरोडचंच दुसरं सरकारी निवासस्थान मिळालं असतं. पोरगी म्हणाली, 'काका, ही नोट चालत नाही ना?' खरंय, २०१६मध्ये ती बंद झाली. 'आपल्या हॉलमध्ये चालते,' म्हटलं, 'सुटे कर.' तिने दहा शंभराच्या केल्या, त्यातली एक मोडून दहा दहाच्या, त्यातली एक मोडून दहा नाणी. नऊ, नऊ आणि तेरा. कागदाकडे बघत म्हणाली, 'म्हणजे शून्यालाही मिळतात पैसे, मागून येतात.' दहा मिनिटांचं काम. ते करायला चार वर्षं कुणाला दहा मिनिटं नव्हती.

यात शाळेच्या बाईंना मी दोष देत नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ काढून बघा. कलम २४ म्हणतं, शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत तपासावी आणि लागेल तसं जादा शिकवावं. कलम २८ म्हणतं, शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये. दोन्ही रास्त. पण सहावी ते आठवीला त्याच कायद्याने एका शिक्षकामागे पस्तीस मुलं धरली आहेत आणि तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा. मिनिटाला एक मूल. त्यात हजेरी, आणि 'बाई, हा माझी पट्टी देत नाही' हे वेगळं.

शिकागोच्या बेंजामिन ब्लूम यांनी १९८४मध्ये लिहिलं की एकेकट्याला शिकवलेलं सरासरी मूल वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा बराच उतरला. पण ब्लूमसाहेबांची खरी अडचण वेगळी होती, प्रत्येक मुलामागे एक मास्तर परवडणार कुणाला? त्यावर आपल्याकडे 'प्रथम' संस्थेने तोडगा काढला. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत, वस्तीतल्याच, शाळा पूर्ण केलेल्या मुली 'बालसखी' झाल्या. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पोरांना रोज दोन तास बाजूला घेऊन त्यांनी बेरीज-वाचन करून घेतलं आणि पोरं पुढे सरकली. त्याचा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. वहिनींना हे सांगितल्यापासून त्या माझ्या चहात साखर जास्त घालतात.

माझ्या सतरंजीवर एक रिक्षावाल्याचा मुलगा आहे. बाप शालिमार ते नाशिकरोड शेअर रिक्षा चालवतो. पुस्तकात विचारलं होतं, व्यापाऱ्याला शेकडा नफा किती? याने पेन खाली ठेवलं. 'सर, गाडीचा हप्ता धरायचा का?' धर म्हटलं. मग त्याने गॅस, हप्ता, पंक्चर, पोलिसांची पावती असं सगळं धरून तोंडी हिशेब केला आणि व्यापाऱ्याला तोट्यात काढलं. पुस्तकाच्या उत्तराशी जमलं नाही, पण बँकेने कर्ज द्यावं असा हिशेब होता. त्याला आता शेकडा काढायला शिकवतोय. नफ्याचं त्याला कळतं.

दुसऱ्याचं उलटं. गणित पक्कं, पण उदाहरण वाचतानाच दमतो. मी वाचून दाखवलं की उत्तर हजर. त्याच्या आईला सांगितलं, डॉक्टरांकडून तपासून घ्या, अशा मुलांना आपलं बोर्ड जादा वेळ देतं, गरजेनुसार लेखनिकही देतं. ती म्हणाली, 'म्हणजे मंद नाही ना?' नाही हो.

आमच्या द्वारका चौकातल्या पादचाऱ्यांच्या भुयारी मार्गाचं बघा. उड्डाणपुलाच्या कामात हौसेने बांधला, पूल २०१३ला सुरूही झाला, पण लोक आजही ट्रकसमोर हात दाखवत वरूनच पलीकडे जातात. कुणाला कुठून कुठे जायचंय हे आधी विचारायचं राहिलं की असंच होतं. अभ्यासक्रमाचंही तेच.

जूनसाठी विचारायला येणारे पालक गुणपत्रिका लॅमिनेट करून आणतात. ती घरी ठेवा. मुलाची वही आणा. तीसुद्धा सुवाच्य, फेअर नको. खाडाखोड केलेली, मागच्या पानावर क्रिकेटचा स्कोअर असलेली रफ वही हवी आहे.