आम्ही फक्त स्थळ सुचवतो

विमा सुचवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी जाऊन पाहा. तिथे भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत एक वाक्य असतं : ‘आम्ही विमा विकत नाही, इथला मजकूर केवळ माहितीसाठी आहे.’ वर मात्र भलंमोठं नारिंगी बटण : ‘आत्ताच प्रीमियम पाहा!’ तुम्ही नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर भरता. तंबाखू खाता का, याचं घरात सांगता तेच उत्तर देता. ओटीपी येतो. ‘मला मान्य आहे’च्या चौकटीत कुणी तरी आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली असते. चहाला उकळी यायच्या आत पहिला फोन : ‘सर, आपण टर्म प्लॅनमध्ये इंटरेस्ट दाखवला होता ना?’

या केवळ माहितीसाठीच्या मजकुराला विमा नियामकाचा परवाना लागतो का, हा प्रश्न मी माझ्या भाच्याला विचारला. तो असंच एक संकेतस्थळ चालवतो.

‘मामा, मी कुठे विकतोय? मी नुसती लिंक देतो.’

‘आणि पैसे?’

‘एक मार्केटिंग कंपनी देते. मार्केटिंग फी.’

‘महिन्याला ठरावीक?’

‘छे! जितक्या पॉलिसी निघतील तितके.’

‘अरे, मग हे कमिशनच झालं.’

‘नाही हो मामा. कमिशनवर नियम आहेत. फीवर फक्त जीएसटी आहे.’

पोरगा वकील व्हायचा राहिला, याचं त्याच्या आईला अजून वाईट वाटतं.

1938 च्या विमा कायद्यात चाळिसाव्या कलमाच्या आसपास ही सगळी भाऊबंदकी एकत्र नांदते. कलम 40 सांगतं, की विम्याचा धंदा आणून दिल्याबद्दल एजंट किंवा नोंदणीकृत मध्यस्थ सोडून कुणालाही मोबदला द्यायचा नाही; मग त्याला कमिशन म्हणा नाहीतर आणखी काही. हे ‘आणखी काही’ लिहिणाऱ्याला माझा भाचा स्वप्नात दिसला असावा. कलम 41 त्याहून गोड. एजंटनं स्वतःच्या कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला परत द्यायला त्यात मनाई आहे. ज्या राज्यात ‘पहिला हप्ता मी भरतो काका, तुम्ही फक्त सही करा’ या वाक्यावर दोन पिढ्यांचा आयुर्विमा उतरला, तिथे हे कलम बहुधा कुणी मोठ्यानं वाचलं नसावं. वाचलं असतं तरी 2015 पर्यंत दंड होता 500 रुपयांपर्यंत. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं तो 10 लाखांवर नेला. आता संकेतस्थळं ‘मित्राचा नंबर द्या, व्हाउचर मिळवा’ म्हणतात. हप्ता नाही, व्हाउचर. काकांची जागा मित्रानं घेतली, एवढाच बदल.

हैदराबादच्या विमा नियामकाला, म्हणजे इर्डाला, हे कळत नाही असं मात्र नाही. गिऱ्हाइकांच्या याद्या विमा कंपन्यांना पुरवणाऱ्यांसाठी 2010 मध्ये नियम आले : आधी मंजुरी घ्या, मग यादी द्या. पुढे विम्याची तुलना करून दाखवणाऱ्या संकेतस्थळांचा ‘वेब ॲग्रीगेटर’ हा वेगळा वर्ग केला. त्यांच्यासाठी 2013 मध्ये नियमावली आली, 2017 मध्ये ती नव्यानं लिहिली. त्यात एक मार्मिक अट आहे : पॉलिसींना तारांकन द्यायचं नाही, क्रमांक लावायचे नाहीत, ‘सर्वाधिक खपाची’ म्हणायचं नाही. ही अट कागदापुरती नव्हती. ऑगस्ट 2025 मध्ये पॉलिसीबाजारला, ती ॲग्रीगेटर असतानाच्या कारभाराबद्दल, 5 कोटींचा दंड झाला. काही युलिप योजना ‘टॉप’ म्हणून मांडणं हाही त्यातला एक ठपका होता.

भाच्याच्या संकेतस्थळावर मात्र ‘2026 चे टॉप 10 हेल्थ प्लॅन’ झळकताहेत आणि पहिल्या तिन्हींना पाच-पाच तारे आहेत. चौथ्याला साडेतीन, कारण त्या प्लॅनवर मार्केटिंग फी कमी मिळते. म्हणजे परवाना घेतला त्यानं ‘टॉप’ म्हटलं तर कोटींचा दंड, घेतलाच नाही त्याला अख्खं आकाश मोकळं. कुठला शहाणा माणूस परवान्याच्या अर्जावर पैसे घालवील?

याबाबतीत आपली वधूवर सूचक मंडळं सरळ म्हणायची. ‘आम्ही फक्त स्थळ सुचवतो’ असं तीही सांगतात, पण नाव नोंदवताना फी घेतात आणि पावती देतात. लग्न जमलं तरच, आणि तेही मुलाच्या पॅकेजच्या टक्केवारीनं पैसे घेणारा भेटला, तर त्याला सूचक कोण म्हणेल? या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरही विम्याच्या जाहिराती येतात. (संपादकसाहेब, हे वाक्य कापू नये.) पण तुम्ही विमा घ्या न घ्या, जाहिरातीचा दर तोच. वाचकानं सही केली की छापखान्याला हिस्सा, असं ठरलं असतं तर या सदराखाली अर्ज असता, आणि सदरही मी नसतं लिहिलं.

खरी मजा दाव्याच्या वेळी येते. संकेतस्थळावरून ‘सहकार्यासाठी’ फोन आलेला असतो, आणि मधुमेहाच्या रकान्यापाशी अडखळल्यावर सहकारी आपुलकीनं म्हणालेला असतो, ‘गोळ्या चालू आहेत म्हणता? राहू द्या, उगाच हप्ता वाढेल.’ पुढे इस्पितळाचं बिल येतं, कंपनी ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारते. आता विमा लोकपालांकडे जा. मुंबईत कार्यालय आहे, पुण्यात आहे, फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीविरुद्ध तक्रार चालते. 2021 पासून नोंदणीकृत विमा दलालाविरुद्धही चालते. पण ‘राहू द्या’ म्हणणारा कोण होता? तो कंपनीचा नव्हता, दलाल नव्हता, एजंट तर नव्हताच. तो केवळ माहितीसाठी होता. लोकपालांच्या अर्जात त्याच्यासाठी रकाना नाही.

तेव्हा परवाना लागतो का? ज्याचे पैसे तुमच्या सहीवर ठरतात त्याला लागायला हवा. मग तो दारात बॅग घेऊन उभा राहो की यूट्यूबच्या व्हिडिओखाली लिंक ठेवून बसो. आणि दंड करायचाच तर आधी ज्या विमा कंपनीकडून हे पैसे निघतात तिला करावा. ती हैदराबादच्या वहीत आहे, तिचा पत्ता माहीत आहे. भाच्यांचे पत्ते दर सहा महिन्यांनी बदलतात.

मी भाच्याला रीतसर वाट सुचवली. विम्याची ‘पॉइंट ऑफ सेल’ व्यक्ती व्हायला दहावी पास लागतं, 15 तासांचं प्रशिक्षण आणि एक परीक्षा. तो विचारात पडला. मला वाटलं, घराण्याचं नाव राहिलं.

आठवड्यानं त्याचं नवं संकेतस्थळ आलं : ‘विमा परीक्षेचे टॉप 10 क्लास’. प्रत्येक प्रवेशामागे फी मिळते. त्याला परवाना लागत नाही, हे त्यानं आधीच विचारून घेतलंय.